ध्रुवाजवळचा समुद्रतळ कसा वाचायचा: हिमनदीने कोरलेल्या आणि साठवलेल्या गाळाचा माग, नकाशापासून कोअरपर्यंत

जगात बहुतेक ठिकाणी समुद्रबूड जमीन किनाऱ्यापासून हळूहळू खोल होत जाते, साधारण १३० मीटर खोलीवर तिची कड येते आणि तिथून पुढे खंडान्त उतार सुरू होतो. अंटार्क्टिकात हे सगळं उलटं आहे. तिथं समुद्रबूड जमिनीची सरासरी खोली ५०० मीटरच्या आसपास आहे, आणि किनाऱ्याकडे जावं तसा तळ अजून खोल होत जातो, काही ठिकाणी १,००० मीटरच्याही खाली. हे काम हिमनद्यांचं. लाखो वर्षं बर्फाने आतला खडक खरवडला, तो माल बाहेर कडेला नेऊन टाकला, आणि वर बर्फाच्या वजनाने जमीन दबली ती वेगळीच.

हा लेख अशा लोकांसाठी लिहितोय ज्यांना हा तळ स्वतः वाचून बघायचाय, म्हणजे भूशास्त्राचे विद्यार्थी, समुद्रशास्त्रात येऊ पाहणारे, किंवा नुसती आवड म्हणून रात्री नकाशे उघडून बसणारे. जहाज लागत नाही. बराचसा डेटा फुकट मिळतो, सॉफ्टवेअरही फुकट आहे, फक्त पायऱ्या क्रमाने घ्याव्या लागतात आणि घाई करायची नाही.

सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच प्रश्न हातात धरून ठेवायचा: या जागी, त्या वेळी, बर्फ तळाला टेकलेला होता की पाण्यावर तरंगत होता? टेकलेला बर्फ तळ घासतो, खालचा चिखल ओढतो, ढकलतो, दाबतो. तरंगणारा बर्फ तळाला हात लावत नाही, त्याच्या पोटातून वितळून सुटलेले दगडगोटे आणि माती नुसती खाली पडत राहते. या दोन्हींच्या मधली जी सीमा, तिला ग्राउंडिंग लाइन म्हणतात, आणि ती कुठं होती, कधी होती, किती वेगाने मागे सरकली हेच आपल्याला गाळाकडून काढून घ्यायचंय. समुद्राची पातळी पुढे किती वाढणार या हिशोबात सगळ्यात मोठी अनिश्चितता याच सीमेच्या वागण्यात आहे, म्हणून हा विषय मला इतका महत्त्वाचा वाटतो.

उदाहरण म्हणून पश्चिम अंटार्क्टिकातल्या अमुंडसेन समुद्रातला पाइन आयलंड ट्रफ घेऊया. ट्रफ म्हणजे हिमनदीने समुद्रतळात कोरलेली लांब, खोल दरी. इथं पाइन आयलंड आणि थ्वेट्स या दोन मोठ्या हिमनद्या समुद्राला मिळतात, दोन्ही आज वेगाने पातळ होताहेत, आणि त्यांच्यासमोरचा तळ बऱ्यापैकी मोजलेला आहे.

पायरी १: नकाशा उघडा, पण आधी तो किती खरा आहे ते बघा

क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यासोबत नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने बनवलेलं क्वांटार्क्टिका नावाचं फुकट पॅकेज मिळतं, त्यात अंटार्क्टिकाचे पायाभूत नकाशे तयार असतात. प्रोजेक्शन ध्रुवीय स्टिरिओग्राफिक ठेवा, अंटार्क्टिकासाठी ईपीएसजी ३०३१ (सॉफ्टवेअरमधला त्या प्रोजेक्शनचा क्रमांक) नेहमीचं. रोजच्या जगाच्या नकाशाच्या प्रोजेक्शनमध्ये काम केलंत तर ध्रुवाजवळचे आकार आणि अंतरं इतकी ताणली जातात की पुढची सगळी मापं चुकतील.

मग खोलीची ग्रिड घ्या, म्हणजे चौकोनाचौकोनात मांडलेले तळाच्या खोलीचे आकडे. दक्षिणेसाठी आयबीसीएसओ, तिची २०२२ ची दुसरी आवृत्ती ५०० मीटरच्या चौकटीची आहे. उत्तरेसाठी आयबीसीएओ. आणि जगभरासाठी जेब्को.

आता महत्त्वाचं. या ग्रिडमधला प्रत्येक चौकोन मोजलेला नसतो. बराच भाग आजूबाजूच्या आकड्यांवरून भरलेला असतो, काही उपग्रहाच्या गुरुत्वाकर्षण मापांवरून काढलेला. जेब्को आणि आयबीसीएसओ दोन्हींसोबत टीआयडी नावाची वेगळी ग्रिड मिळते, त्यात कुठला चौकोन प्रत्यक्ष मोजलाय आणि कुठला अंदाजाने भरलाय हे आकड्यांनी लिहिलेलं असतं, ती पहिल्यांदा वर टाका आणि न मोजलेला भाग राखाडी करून टाका. मला विचाराल तर ही पायरी वगळून काढलेल्या कुठल्याच नकाशावर विश्वास ठेवू नये, कारण गुळगुळीत दिसणारा तळ खरंच गुळगुळीत आहे की तिथं कधी जहाजच गेलं नाही हे त्याशिवाय कळत नाही.

५०० मीटरच्या ग्रिडवर ट्रफ दिसेल, कडा दिसतील, मोठे उंचवटे दिसतील. पण हिमनदीच्या खुणा बारीक असतात, त्यातल्या बऱ्याच २००-३०० मीटर अंतरावर असतात, त्या इथं दिसणारच नाहीत. त्यासाठी मूळ मल्टिबीम सर्व्हेचा डेटा लागतो. तो पँजिया, अमेरिकेचं एनसीईआय आणि मरीन जिओसायन्स डेटा सिस्टिम या ऑनलाइन डेटासाठ्यांत मोहिमेनुसार मिळतो. मल्टिबीम म्हणजे जहाजाच्या तळातून पंख्यासारखे शेकडो ध्वनिकिरण सोडून खोली मोजणं. एक किरण १ अंशाचा धरला तर ५०० मीटर खोलीवर त्याचा ठसा साधारण ९ मीटरचा होतो, १,००० मीटरवर साधारण १७ मीटरचा. म्हणजे ५०० मीटर पाण्याखालचा २ मीटर रुंदीचा दगड जहाजावरून दिसेल अशी अपेक्षाच ठेवायची नाही. २० ते ५० मीटरची ग्रिड बनवली की काम भागतं.

पायरी २: ट्रफचा उभा आणि आडवा छेद काढा

आधी ट्रफच्या मधोमध, हिमनदीच्या आजच्या तोंडापासून समुद्रबूड जमिनीच्या कडेपर्यंत रेघ ओढून छेद काढा. पाइन आयलंडच्या छेदात दोन वेगळे भाग चटकन दिसतात. आतला भाग खडबडीत, उघडा कठीण खडक, खोल खड्डे, १,००० मीटरच्या खूप खाली गेलेले. बाहेरचा भाग सपाट, मऊ गाळाचा, ५०० मीटरच्या आसपास. हा फरक लिहून ठेवा, कारण खालचा तळ बदलला की बर्फाची चालही बदलते. कठीण खडकावर तो अडखळतो, मऊ ओल्या गाळावर तो सटकतो.

मग आडवे छेद काढा, चार-पाच ठिकाणी. नदीची दरी व्ही आकाराची, हिमनदीची यू आकाराची, हे शाळेत शिकलेलं इथं पाण्याखाली तसंच्या तसं दिसतं.

तळाचा उलटा उतार बघितला की आजचा धोका पण कळतो. ग्राउंडिंग लाइन मागे सरकली की ती अजून खोल पाण्यात जाते, तिथं बर्फ जाड असतो, जाड बर्फ जास्त वेगाने बाहेर वाहतो, आणि माघार स्वतःच स्वतःला पुढे ढकलत राहू शकते. शिवाय याच जुन्या ट्रफच्या वाटेने आज सर्कमपोलर डीप वॉटर नावाचं तुलनेने गरम, साधारण १ अंश सेल्सियसचं पाणी बाहेरून आत येऊन हिमनद्यांना खालून वितळवतंय. हिमयुगात बर्फाने जो रस्ता खोदला तोच रस्ता आता गरम पाण्याला मोकळा मिळालाय.

पायरी ३: हिलशेड करा, पण एकाच बाजूच्या उजेडावर थांबू नका

हिलशेड म्हणजे नकाशावर एका बाजूने खोटा उजेड टाकून उंचसखल दाखवणं. अडचण अशी की उजेडाच्या दिशेला समांतर असलेल्या रेषा जवळजवळ नाहीशा होतात, आणि आपल्याला तर समांतर रेषाच शोधायच्यात. म्हणून किमान दोन, शक्यतो चार दिशांनी उजेड टाकून बघा. उभी वाढ (उंची फुगवून दाखवण्याचं प्रमाण) ५ ते १० पट ठेवा, कारण या खुणा उंचीला काही मीटरच असतात.

याच वेळी जहाजाच्या प्रवासाच्या रेषा वेगळ्या लेयरमध्ये टाका. पाण्यातला ध्वनीचा वेग नीट धरला नसला की मल्टिबीमच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर किंवा खाली वळतात आणि शेजारच्या पट्ट्याशी जुळताना तिथं एक लांबच लांब खोटी सरळ रेघ तयार होते. जहाज हलल्याने आडव्या बारीक लाटा पण येतात. नियम साधा ठेवा: कुठलीही रेघ जहाजाच्या रस्त्याला अगदी समांतर किंवा अगदी काटकोनात असेल तर ती आधी संशयित, वेगळ्या दिशेने गेलेल्या दुसऱ्या जहाजाच्या डेटात पण ती दिसली तरच खरी.

पायरी ४: एकेक आकार ओळखा आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. आतून बाहेर या, म्हणजे हिमनदीच्या तोंडाकडून कडेकडे.

आतल्या खडकाळ भागात वाहत्या पाण्याने कोरलेले चर दिसतील, बर्फाखालून वाहणाऱ्या वितळलेल्या पाण्याचे. पाइन आयलंड उपसागरात ते खडकात खोल कोरलेले आहेत. एका हिमयुगात इतका खडक कापला जाणं कठीण आहे, त्यामुळे ते बऱ्याच हिमयुगांमध्ये मिळून तयार झाले असावेत असं मानतात. यांना शेवटच्या माघारीचा पुरावा म्हणून वापरू नका.

खडक आणि गाळ जिथं भेटतात तिथं ड्रमलिन दिसतात, थेंबासारखे लांबट उंचवटे, एक टोक जाड आणि दुसरं निमुळतं होत गेलेलं. बर्फाचा वेग इथं वाढायला लागलेला असतो.

त्याच्या पुढे मऊ गाळावर येतात मेगास्केल ग्लेशियल लिनिएशन्स, यापुढे नुसत्या लांब रेषा म्हणतो. ओल्या मातीवरून मोठी फणी ओढावी तशा एकमेकींना समांतर, कित्येक किलोमीटर लांब, काही मीटरच उंच, लांबी रुंदीच्या दहा पटीहून जास्त. या दिसल्या की तीन गोष्टी निश्चित: बर्फ इथं टेकलेला होता, वेगाने वाहत होता, आणि रेषांच्या दिशेने वाहत होता. अंटार्क्टिकातल्या आजच्या रटफर्ड हिमप्रवाहाखाली रडारने आणि भूकंपीय पद्धतीने बघितलं तर तिथंही आत्ता अशाच रेषा आहेत, त्यामुळे या अर्थाबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

मग ग्राउंडिंग झोन वेज. ट्रफला आडवा पसरलेला पाचरीसारखा ढीग, समुद्राच्या बाजूला तीव्र उतार आणि जमिनीच्या बाजूला अगदी मंद. जाडी बहुतेक वेळा १५ ते १०० मीटर, प्रवाहाच्या दिशेने लांबी सहसा १५ किलोमीटरच्या आत. बर्फाने खालून ओढत आणलेला चिखल ग्राउंडिंग लाइनपाशी येऊन साठत गेला, म्हणजे माघार घेताना ती सीमा इथं बराच काळ थांबली होती. पाइन आयलंड ट्रफमध्ये असे एकामागून एक बरेच ढीग आहेत. माघार सरळसोट झाली नाही, बर्फ मागे सरकला, थांबला, परत सरकला. ढिगाच्या पाठीवर ताज्या लांब रेषा असतील तर ढीग बनताना बर्फ त्यावरून वाहत होता हे पण कळतं.

ढिगांच्या मधल्या सपाट भागात अगदी बारीक, समान अंतरावरच्या कड्यांची रांग दिसली तर थांबा आणि नीट मोजा, कारण यातून वेग काढता येतो. भरती-ओहोटीबरोबर बर्फाची कड वरखाली होते, खाली बसताना ती मऊ चिखलाला दाबून एक छोटा बंधारा उभा करते, पुढच्या भरतीला उचलली जाते, थोडी मागे सरकते, परत बसते. थ्वेट्ससमोर २०१९ मध्ये रान नावाच्या स्वयंचलित पाणबुडीने जवळून केलेल्या सर्व्हेत अशा १६० हून जास्त कड्या सापडल्या, उंची १० ते ७० सेंटीमीटर. तिथं दिवसाला एक कडी धरली तर साडेपाच महिन्यांत सगळी रांग बनली, आणि माघारीचा वेग वर्षाला २.१ किलोमीटर येतो, म्हणजे रोज साधारण ६ मीटर. लार्सन आइस शेल्फच्या (आइस शेल्फ म्हणजे हिमनदीला जोडलेला, समुद्रावर तरंगणारा बर्फ) बाहेरच्या तळावर अशाच कड्यांवरून दिवसाला ४० ते ५० मीटर वेग निघाला. आणि नॉर्वेच्या समुद्रबूड जमिनीवर ७,६०० हून जास्त कड्या मोजून २०२३ मध्ये जो वेग प्रसिद्ध झाला तो दिवसाला ५५ ते ६१० मीटर! उपग्रहांनी आजवर बघितलेल्या कुठल्याही माघारीपेक्षा हा वेग कितीतरी जास्त आहे.

पण हे आकडे वापरताना दोन गोष्टी आवर्जून लिहा. एक, त्या भागात भरती दिवसातून एकदा येते की दोनदा, कारण त्यावर उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं. दोन, असा वेग सपाट तळावर आणि काही दिवस ते काही महिनेच टिकलेला आहे, त्याला वर्षभराने गुणून अख्ख्या हिमचादरीचा वेग काढणं चूक आहे. बातम्यांमध्ये हे सर्रास होतं आणि त्याने विषयाचं नुकसान होतं.

शेवटी हिमनगांचे चर. ग्राउंडिंग लाइनच्या पुढे सुटलेले हिमनग वाऱ्या-प्रवाहाबरोबर भरकटत जातात आणि त्यांचा खालचा भाग उथळ जागी तळाला घासतो. चर वेडेवाकडे, एकमेकांना कापणारे, काही मीटर खोल, दोन्ही बाजूंना मातीचे बांध. नव्या माणसाची गडबड इथं होते, कारण हे पण बर्फानेच खरवडलेलं असतं. लांब रेषा समांतर असतात आणि अख्ख्या पट्ट्यात एका दिशेने जातात, हिमनगांचे चर दिशा बदलतात. पाइन आयलंड ट्रफमध्ये यातला एक सुंदर मधला प्रकार आहे. तिथं सरळ चरांच्या तळाशी १-२ मीटर उंचीच्या नियमित कड्या आहेत, त्याचा अर्थ असा लावला गेलाय की साधारण १२,००० वर्षांपूर्वी आइस शेल्फ फुटून तयार झालेले प्रचंड हिमनग एकत्र बाहेर सरकत असताना भरतीबरोबर वरखाली होऊन तळावर आपटत होते.

सगळे आकार काढून झाले की कोण कुणाला कापतंय ते बघा. कापणारा नंतरचा, कापला गेलेला आधीचा. एवढ्या एका नियमावर अर्धा इतिहास उभा राहतो, तारीख न काढताही.

पायरी ५: पृष्ठभागाच्या खाली बघा

नकाशा फक्त वरची कातडी दाखवतो. सब-बॉटम प्रोफाइलर कमी वारंवारतेचा ध्वनी सोडतो, तो मऊ गाळात काही दहा मीटर आत जातो. छेदाची उभी बाजू मीटरमध्ये नसून वेळेत असते, ध्वनी खाली जाऊन परत येण्याचा वेळ. मऊ गाळात ध्वनीचा वेग सेकंदाला १,५०० मीटर धरला तर १० मिलिसेकंद म्हणजे ७.५ मीटर. निम्मं करायला विसरू नका, जाण्या-येण्याचा वेळ आहे तो.

काय बघायचं? वर पातळ, थराथराचा, खालच्या उंचसखलावर चादर घातल्यासारखा पसरलेला गाळ असेल तर तो तरंगत्या बर्फाखालचा किंवा उघड्या समुद्रातला. त्याच्या खाली आतून एकसारखा, थर न दिसणारा पट्टा आणि त्याच्या बुडाशी एक स्पष्ट रेघ दिसली तर तो मऊ टिल, म्हणजे बर्फाने मळून काढलेला दगड-माती-चिखलाचा मिश्र गाळ. लांब रेषा या मऊ टिलच्या वरच्या अंगावर असतात. त्याखाली घट्ट दाबला गेलेला टिल असतो, त्यात ध्वनी बहुधा शिरतच नाही.

अजून खोल, लाखो वर्षांचं बघायचं तर एअरगनचा सिस्मिक डेटा लागतो, म्हणजे पाण्यात दाबाखालची हवा सोडून काढलेल्या जोरदार आवाजाचे खोल थरांवरून आलेले प्रतिध्वनी. त्यात समुद्रबूड जमिनीच्या कडेला बाहेरच्या बाजूला झुकलेले थर एकापुढे एक रचलेले दिसतात, त्यांची डोकी सपाट कापलेली. प्रत्येक वेळी बर्फ कडेपर्यंत आला, वरचं कापलं, तो माल पुढे ढकलला. अंटार्क्टिकाची कड या पद्धतीने समुद्रात कित्येक किलोमीटर पुढे सरकलीये.

पायरी ६: कोअर वाचा, खालून वर

कोअर म्हणजे तळात नळी घुसवून काढलेला गाळाचा दंडगोल. ग्रॅव्हिटी कोअरर नुसत्या वजनाने घुसतो आणि घट्ट टिलला लागला की थांबतो, त्यामुळे ध्रुवीय भागात कोअर बऱ्याचदा काही मीटरचेच येतात. जागा निवडताना हिमनगांच्या चरांपासून लांब राहा, तिथं सगळे थर ढवळलेले असतात.

कोअर उभा चिरला की लगेच फोटो, मग एक्स-रे. एक्स-रेत मऊ चिखलात अडकलेले दगड पांढरे ठिपके म्हणून दिसतात, त्यांची मोजणी म्हणजे हिमनगांनी किती माल आणून टाकला त्याचा अंदाज. मग दर १-२ सेंटीमीटरला चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते), पाण्याचं प्रमाण, आणि वेन म्हणजे छोटी पाती गाळात फिरवून कातरण ताकद. शेवटी चाळण्या, ६३ मायक्रॉनची आणि १५० मायक्रॉनची हमखास.

पाइन आयलंड किंवा अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या ट्रफमध्ये खालून वर साधारण असा क्रम मिळतो. सगळ्यात खाली टिल: वाळू, चिखल, खडे सगळं एकत्र, थर नाहीत, पाणी कमी, चुंबकीय आकडा जास्त. मऊ टिलची ताकद साधारण २० किलोपास्कलच्या आत, घट्ट टिलची त्याहून बरीच जास्त. त्याच्यावर ग्राउंडिंग लाइन नुकतीच मागे गेल्यावरचा खडेवाळूचा किंवा बारीक थरांचा पट्टा. त्यावर आइस शेल्फखालचा चिखल, जवळजवळ दगड नसलेला आणि जीवाश्मही फार कमी, कारण वर अंधार. आणि सगळ्यात वर डायटम या सूक्ष्म शैवालाने भरलेला हिरवट गाळ, म्हणजे वर आता उघडं पाणी आहे, ऊन पोहोचतंय. टेकलेला, सुटलेला, तरंगता, मोकळा समुद्र, हा सगळा प्रवास एका हातभर नळीत मिळतो. २००६-०७ मध्ये मॅकमर्डो आइस शेल्फवरून अँड्रिल प्रकल्पाने १,२८५ मीटरचा कोअर काढला, त्यात टिल आणि डायटमाइटचे (डायटमच्या कवचांपासून बनलेल्या खडकाचे) थर आलटून पालटून येतात, म्हणजे रॉस समुद्रातला बर्फ पुन्हा पुन्हा टेकला आणि पुन्हा पुन्हा नाहीसा झाला.

सावधान कुठं राहायचं, तर टिलसारखं दिसणारं सगळं टिल नसतं. हिमनगाने ढवळलेला गाळ आणि उतारावरून घसरलेला मिश्र गाळ डोळ्यांना अगदी तसाच दिसतो. म्हणून कोअर एकटा वाचायचा नाही. नकाशावर तो लांब रेषांच्या पट्ट्यात आहे का, प्रोफाइलरमध्ये तो आतून एकसारख्या पट्ट्यात उतरलाय का, हे जुळलं तरच टिल लिहा. जुळलं नाही तर मिश्र गाळ एवढंच लिहून मोकळे व्हा, त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ७: तारीख

इथं अंटार्क्टिका फार त्रास देते. रेडिओकार्बनसाठी शिंपले किंवा फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म समुद्री जीव) लागतात आणि तिथल्या गाळात ते विरळ असतात, बरेचसे विरघळून गेलेले. मग लोक गाळातलं सेंद्रिय द्रव्य वापरतात, पण त्यात हिमनदीने खरवडलेला लाखो वर्षांचा जुना कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे अगदी आज साठलेल्या वरच्या गाळाचं वय पण काही हजार वर्षं येतं. फोरामिनिफेरा मिळाले तरी दक्षिण महासागराचं पाणीच मुळात जुन्या कार्बनचं आहे, त्यासाठी साधारण १,१०० ते १,३०० वर्षं वजा करावी लागतात. मरीन२० हा कॅलिब्रेशन कर्व्ह (रेडिओकार्बन वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करणारा आलेख) बनवणाऱ्यांनीच ध्रुवीय भागात तो सरसकट वापरू नका असं सांगितलंय, तेव्हा वेबसाइटवर आकडा टाकला आणि उत्तर घेतलं असं करायचं नाही.

नमुना टिलच्या लगेच वरच्या समुद्री गाळातून घ्या, आणि येणारी तारीख ही माघारीची किमान वय-मर्यादा समजा: बर्फ त्याच्या आधीच उठला होता. अशा तारखा जोडून पाइन आयलंडबद्दल हे कळलंय की साधारण १०,००० वर्षांपूर्वीच ग्राउंडिंग लाइन आजच्या जागेपासून १०० किलोमीटरच्या आसपास येऊन पोहोचली होती, म्हणजे माघारीचा मोठा भाग आधीच उरकला होता आणि नंतर बराच काळ फार हालचाल नाही.

गेल्या शंभरेक वर्षांसाठी शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात, त्याचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षं. पाइन आयलंडच्या आइस शेल्फला भोक पाडून, खाली समुद्रतळावर आडव्या उभ्या असलेल्या उंच कड्यावरून काढलेल्या कोअरवर हे केलं, आणि २०१७ मध्ये निकाल आला की कड्यामागे समुद्राचं पाणी १९४५ च्या सुमारास शिरलं आणि १९७० च्या सुमारास बर्फ कड्यावरून पूर्ण सुटला. उपग्रह नीट बघायला लागायच्या आधीची ही गोष्ट, आणि ती फक्त गाळाने सांगितली. या सगळ्या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच.

पायरी ८: कडेच्या पलीकडे, खंडान्त उतारावर

ट्रफ जिथं संपतो तिथं उतारावर पंखा तयार होतो, ट्रफ माउथ फॅन. बर्फ कडेवर टेकला की चिखल थेट उतारावर ओतला जातो आणि लांबट भिंगासारख्या ढिगांनी खाली घसरत जातो. बॅरेंट्स समुद्राच्या तोंडाशी ब्योर्नोया बेटाजवळचा पंखा २ लाख १५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. अंटार्क्टिकात मात्र प्रत्येक ट्रफपुढे पंखा नसतो, तीव्र उतार असेल तर माल न थांबता खोल समुद्रात जातो आणि उतारावर नुसत्या घळी राहतात. पंखा नाही म्हणजे बर्फ आला नव्हता असं समजू नका.

उताराच्या थरांमध्ये हिमयुगात झटपट पडलेला जाड गाळ आणि मधल्या उबदार काळात प्रवाहांनी आणलेली मऊ समुद्री माती आलटून पालटून येते. मऊ थरावर अचानक वजन आलं की आत पाणी कोंडतं आणि अख्खा उतार सुटू शकतो. नॉर्वेच्या बाहेर साधारण ८,१५० वर्षांपूर्वी स्टोरेग्गाला असंच झालं, सुमारे ३,००० घन किलोमीटर माल घसरला आणि त्सुनामीचा गाळ नॉर्वे, स्कॉटलंड, फेरो बेटांपर्यंत आजही सापडतो. समुद्रात केबल किंवा गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांना हे नकाशे म्हणूनच लागतात.

पायरी ९: सराव कुठं करायचा

पाइन आयलंडवर हात बसला की प्रिट्झ उपसागर घ्या. लार्समन टेकड्यांवरचं २०१२ चं आपलं भारती स्टेशन याच उपसागराच्या काठावर आहे. लॅम्बर्ट हिमनदी आणि अमेरी आइस शेल्फ इथंच समुद्राला मिळतात, बाहेर प्रिट्झ चॅनेल आणि त्यापुढे पंखा. इथली गंमत अशी की शेवटच्या हिमयुगात चॅनेलमधला टेकलेला बर्फ कडेपर्यंत पोहोचलाच नव्हता, आधीच थांबला, आणि चॅनेलच्या पुढच्या भागावर आइस शेल्फ तरंगत होता. पाइन आयलंडचा अर्थ इथं जसाच्या तसा चिकटवला तर चुकणार. दोन ठिकाणं शेजारी ठेवून बघितली की प्रत्येक ट्रफचा इतिहास वेगळा काढावा लागतो हे पटतं.

आणि ही प्रक्रिया आज चालू असताना बघायची असेल तर स्वालबार्डचा कोंग्सफ्योर्ड. भारताचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून तिथं न्यू-ओलेसुंडला आहे आणि २०१४ पासून इंडआर्क हे आपलं निरीक्षण यंत्र फ्योर्डच्या पाण्यात आहे. क्रोनेब्रीन हिमनदीच्या तोंडाशी उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर गढूळ लोट बाहेर येतात, तिथं वर्षाला कित्येक सेंटीमीटर गाळ साठतो, फ्योर्डच्या बाहेरच्या भागात तोच वेग मिलिमीटरवर येतो. या विषयात पुढे जायचं असेल तर गोव्यात वास्कोला एनसीपीओआर आहे, दोन्ही ध्रुवांवरचं भारताचं काम तिथूनच चालतं, त्यांच्या संशोधनाच्या जागांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अर्ज करताना सोबत स्वतः काढलेला एक नकाशा जोडा, ज्यात मोजलेला आणि न मोजलेला भाग वेगळा दाखवलाय, प्रत्येक आकारापुढे टेकलेला किंवा तरंगता लिहिलंय, आणि जिथं ठरवता आलं नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकलंय.